मुळेकडून कुंडलिकेकडे

पत्र पहिले
लवळे, ता. मुळशी
सप्टेंबरअखेर

ती. आईस,
शि. सा. न.

मंडळी लवळ्याला सुखरूप पोहोचली. सूस मागे पडले की पुणे संपले, असे पूर्वी म्हणता येई. आता लवळ्याच्या डोंगरमाथ्यावर सिंबायोसिसच्या इमारती आहेत आणि फ्लेम विद्यापीठही याच गावात आहे. खाली मुळा नदीच्या खोऱ्यात मात्र भात निसवू लागलाय आणि बांधाबांधांवर कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे उभे आहेत.

रस्त्याकडेला नारिंगी-पिवळ्या फुलांची झुंबड आहे. लोक गाड्या थांबवून त्यात शिरतात, फोटो काढतात आणि ‘सोनकी फुलली’ म्हणून नातेवाइकांना पाठवतात. ती सोनकी नव्हे, कॉसमॉस. मूळची मेक्सिकोकडची, बागांसाठी आणलेली. कुंपण ओलांडून बाहेर पडली आणि पुण्याच्या टेकड्यांवर इथल्या गवताफुलांची जागा अडवून बसली. खरी सोनकी पश्चिमेला, जिथे मंडळी निघाली आहेत तिथे.

बेत असा: पौड, मुळशी, ताम्हिणी करत पिंप्री गाठायची, तिथून अंधारबनाच्या रानातून हिरडी आणि मग घाट उतरून कोकणात भिरा. अमेरिकेत अ‍ॅपलेशियन ट्रेल नावाची साडेतीन हजार किलोमीटरची वाट आहे. झाडाझाडांवर पांढऱ्या खुणा रंगवलेल्या. सह्याद्रीतल्या रेंज ट्रेकला अशा खुणा नाहीत. गुराख्यांच्या पायवाटा, मुक्कामाला देवळाची ओसरी आणि गावकऱ्यांनी हात लांबवून दाखवलेली दिशा, यांवरच भागते. सॅकमध्ये दोरी, विजेरी, प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेले कोरडे कपडे आणि तुझी धपाटी आहेत. धपाटी भिऱ्यापर्यंत पुरतील अशी आशा फारशी कोणालाच नाही.

पत्र दुसरे
हिरडी

ती. आईस,
शि. सा. न.

पौडपर्यंत पायी आणि पुढे जीपने मुळशीच्या जलाशयाच्या कडेने. धुके निवळले तेव्हा पाणी दिसले. या पाण्याखाली गेलेल्या जमिनींसाठी १९२१ च्या रामनवमीला मुळशी सत्याग्रह उभा राहिला. पांडुरंग महादेव बापटांना ‘सेनापती’ ही पदवी मिळाली ती याच लढ्यात. लढा काही वर्षे चालला. धरण तरीही झाले आणि टाटांच्या वीज कंपनीने पाणी अडवले.

पुण्यात वर्षाचा पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास. ताम्हिणीत २०२४ च्या जुलैअखेर एका दिवसात ५५० मिलिमीटरहून जास्त कोसळला. नकाशावर दोन्ही ठिकाणे वीतभर अंतरावर. कोकणातून चढून आलेले ढग घाटमाथ्यावर रिते होतात आणि पुण्यापर्यंत उरलेसुरले पोहोचतात. म्हणूनच लवळ्याच्या टेकडीवर गवत आणि इथे दुपारी विजेरी काढावी लागेल असे रान. ताम्हिणीच्या या रानाला २०१३ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला.

पिंप्रीहून वाट निघते तेव्हा एका हाताला कुंडलिका नदीची दरी असते. मग वाट रानात घुसते. आत आंबा, जांभूळ, अंजनी, हिरडा यांचे माथे एकमेकांत इतके गुंतलेले की पाऊस थांबून तास झाला तरी पानांवरून गळतच राहतो. फुले इथे थोडी. ओलसर काठांवर भारंगीचे निळसर तुरे आणि तेरडा, एवढेच. तेरड्याचा रंग तीन दिवस असे आपण म्हणतो खरे, पण इथला तेरडा महिनाभर तरी हटत नाही. पिकलेल्या बोंडाला बोट लागले की ते फटकन फुटते आणि बिया लांब उडतात. हा खेळ सुरू झाला आणि चाल निम्म्यावर आली.

ओढे मात्र भरपूर. ते कसे ओलांडायचे याचा धडा वाटेतच मिळतो. पाणी नितळ असेल, तळाचे गोटे दिसत असतील, तर सॅकचा कंबरपट्टा सोडायचा, म्हणजे पाय घसरलाच तर ओझे झटकता येते. मग काठी प्रवाहाच्या वरच्या अंगाला टेकत एकेक पाऊल टाकायचे. पाणी गढूळ झाले, त्यातून काटक्या-पाने येऊ लागली, की वर कुठेतरी पाऊस झोडपतो आहे असे समजून काठावरच बसून राहायचे. भर पावसाळ्यात वनखाते कधीकधी ही वाट बंद करते ते याचसाठी. आज सगळे ओढे नितळ होते. एका डोहाजवळ खेकडे पाहण्यात बराच वेळ गेला.

रान संपले आणि हिरडीच्या अलीकडे उघडा कातळ लागला. खरी आरास तिथे होती. सोनकी पिवळीधमक, तिच्याखाली कवळा, ज्याला शहरातले ट्रेकर मिकी माऊस म्हणतात, आणि पाणथळ जागी सीतेची आसवे, जांभळी, बोटाच्या पेराएवढी. दिसायला नाजूक, पण ही वनस्पती शिकारी आहे. कातळावरच्या जेमतेम बोटभर मातीत नत्र फार कमी, म्हणून ती पाण्यातले सूक्ष्म जीव इवल्या फुग्यांत ओढून घेते. झाकण उघडून जीव आत खेचायला सेकंदाचा हजारावा भाग पुरतो. पाऊस संपला की ही माती वाळून जाते, तेव्हा उगवणे, फुलणे आणि बी धरणे सारे दोन-तीन महिन्यांत उरकावे लागते.

कारवीचा हिशेब याच्या अगदी उलट. ती सात वर्षे नुसती वाढते, आठव्या वर्षी डोंगरच्या डोंगर जांभळे करते आणि बी टाकून मरते. मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात ती २००८, २०१६ आणि २०२४ मध्ये फुलली. सह्याद्रीत इतरत्र वर्षे वेगळी. हिरडीजवळची यंदा हिरवीच आहे. वाळलेल्या कारवीच्या काठ्यांचे कुड बांधून शेणाने सारवायची रीत डोंगरी गावांत जुनी.

मुक्काम महादेवाच्या देवळाजवळ. धपाटी संपली.

पत्र तिसरे
भिरा, जि. रायगड

ती. आईस,
शि. सा. न.

उतरण गुडघ्यांची परीक्षा पाहणारी होती. खाली आले की हवा जड, उकाडा, आणि कानावर कोकणी वळणाची मराठी.

इथे एक गंमत कळते. लवळ्याला पडलेला थेंब मुळेत जातो, पुण्याच्या संगमावर मुठेला मिळतो आणि भीमा-कृष्णेमार्गे बंगालच्या उपसागराला. अंधारबनात पडलेला कुंडलिकेतून अरबी समुद्राला. निसर्गाने धारेवर अशी वाटणी केली होती. मुळशीच्या धरणाने ती मोडली. अडवलेले पाणी बोगद्यातून आणि मोठ्या नळांतून घाटाखाली सोडले जाते आणि १९२७ पासून भिऱ्याला वीज तयार होते. त्या पाण्याला जायचे होते पूर्वेला, जाते पश्चिमेला. वीज करून झाली की ते कुंडलिकेत येते आणि त्याच्या वेळा सांभाळून कोलाडला राफ्टिंग चालते. सत्याग्रहींच्या शेतांवर साचलेल्या पाण्यावर आता पुण्या-मुंबईची पोरे हेल्मेट घालून आरोळ्या ठोकतात.

उद्या सकाळी कोलाड पाहून माणगावहून एसटीने परतायचे. बूट ओलेच आहेत, आत वर्तमानपत्र कोंबून ठेवले आहे. रात्री उशीर होईल, जेवायला थांबू नये.

कळावे.