ठाण्याला जाणारी धीमी गाडी

आमच्या शाळेत मराठी दोन ठिकाणी ऐकू येते. एक गेटवर आणि दुसरी माझ्या तासाला. त्यातली गेटवरची जास्त चांगली असते.

गेटवर वॉचमन काका असतात, बसमधून मुलांना उतरवून घेणाऱ्या ताई असतात, जिने पुसून झाले की पायरीवर टेकणाऱ्या दोन मावश्या असतात. रात्री नळाला पाणीच आलं नाही, गणपतीत गावी जायचं रिझर्वेशन पुन्हा वेटिंगवर गेलं, नणंदेच्या मुलीचं एकदाचं जमलं, असं सगळं तिथे चाललेलं असतं. मुलं त्या मराठीतून दिवसाला दोनदा जातात, आणि वर्गात येऊन मला सांगतात, 'मिस, हमको मराठी नहीं आता.'

शाळा नाहूरची. खासगी, विनाअनुदानित, मुलामुलींची एकत्र, सकाळी यायचं आणि दुपारी घरी जायचं. माहितीपत्रकात हेच इंग्रजीतून फार भारदस्त वाटतं. आजूबाजूला जुन्या आग्रा रोडच्या, म्हणजे आताच्या लालबहादूर शास्त्री मार्गाच्या कडेने जिथे कारखान्यांच्या भिंती होत्या, तिथे आता टॉवर आहेत आणि आमची बरीचशी मुलं त्या टॉवरमधून येतात. मुलुंडकडची कच्छी आणि गुजराती, भांडुपकडची मल्याळी आणि तमिळ, उत्तरेतून आलेली, आणि मराठी. 'मराठी येत नाही' म्हणणाऱ्यांत मराठी घरातली मुलंही येतात. त्यांच्या आया मराठी माध्यमात शिकलेल्या असतात, पालकसभेला मला सांगतात, 'घरी आम्ही मराठीच बोलतो हो, पण त्याला वाचता येत नाही.' मुलगा शेजारी उभा राहून इंग्रजीत हसत असतो.

मी आधी अकरा वर्षं मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवलं. तिथे मराठी शिकवायची म्हणजे कविता, धडा, कल्पनाविस्तार. भाषा मुलं घरून घेऊन यायची, आम्ही तिला फक्त इस्त्री करायचो. इथे आल्यावर पहिले सहा महिने मी तेच करत राहिले आणि सपशेल आपटले. मग 2020 साली सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा झाला. न शिकवणाऱ्याला एक लाखापर्यंत दंड. दंडाच्या धाकाने माझे तास वाढले, वेळापत्रकात शेवटून दुसऱ्या जागेवरून मराठी सकाळच्या जागेवर आली. तासात काय करायचं, हे मात्र कायद्यात लिहिलेलं नव्हतं. ते मला मुलांच्या चुकांनी शिकवलं.

पहिली चूक माझ्या कानाला लागली ती पाण्याची. तिसरीतली एक गोड मुलगी मावशींना म्हणाली, 'मावशी, पाणी दे.' उच्चार उत्तम, वाक्य निर्दोष. मला काहीतरी टोचलं, पण काय ते लगेच कळेना. मग मी आठवडाभर नुसतं ऐकत राहिले. मुलांना जी मराठी येत होती ती जवळजवळ सगळी आज्ञार्थी होती. दे, घे, उघड, थांब, चल, लवकर कर. मराठी ही कामं सांगायची भाषा आहे, हे ती कोणी न शिकवता शिकली होती. बरोबरच आहे. शाळेत ज्यांच्याशी ती मराठीत बोलत, ती माणसं त्यांची कामं करणारी होती.

तेव्हापासून पहिल्या सत्रात माझ्या वर्गात आज्ञार्थाला बंदी आहे. विचारायचं, सांगायचं, कुरकुर करायची, थापा मारायच्या. हुकूम सोडायचा नाही. 'द्या' आणि 'द्याल का' मधलं अंतर कळलं की मग 'दे' परत मिळतो, आणि तोही फक्त मित्राशी, भावंडाशी नाहीतर आईशी.

दुसरी चूक माझीच होती, आणि ती मुलामुलींच्या एकत्र शाळेतच होऊ शकते. दुसरीच्या वर्गात मी हजेरीच्या वेळी पूर्ण वाक्य म्हणायला लावत असे. मी आधी म्हणून दाखवायची, 'मी रोज शाळेत येते.' सगळा वर्ग माझ्यामागे. दोन महिन्यांनी लक्षात आलं की वर्गातले मुलगे एकमुखाने 'मी येते, मी खाते, मी खेळते' म्हणतायत. त्यांनी मराठीत 'मी' म्हणणारं माणूस एकच ऐकलेलं, आणि ते मी. मग पीटीच्या सरांना विनवलं. ते आठवड्यातून दहा मिनिटं येऊन फक्त स्वतःबद्दल बोलायचे, 'मी सकाळी पाचला उठतो, मी चहा पितो, मी दमतो.' मुलांना सर दमतात याचीच फार मजा वाटली. कोल्हापूरकडच्या आजीच्या तालमीत वाढलेली एक मुलगी मात्र ऐटीत 'मी आलो' म्हणायची. तिकडे बायका तसंच बोलतात. तिला मी कधी दुरुस्त केलं नाही. वहीत 'आले' लिही, एवढं सांगितलं.

पण खरा डोंगर म्हणजे सामान्यरूप. दादोबा पांडुरंगांनी 1836 साली मराठीचं व्याकरण छापलं, मोरो केशव दामल्यांनी 1911 साली त्याचा भलामोठा ग्रंथ केला, आणि एवढं होऊनही मराठी बोलणाऱ्या शंभरातल्या नव्वदांना सामान्यरूप म्हणजे काय ते सांगता येणार नाही. सांगायची गरजच पडत नाही. प्रत्यय लागण्याआधी शब्द वाकतो, शाळा 'शाळे' होते, पाणी 'पाण्या' होतं, रस्ता 'रस्त्या' होतो, हे आपल्या जिभेला ठाऊक असतं. आमची मुलं 'पाणीत', 'रस्तावर' आणि 'शाळाला' म्हणतात. तक्ता लावला, पाठ करून घेतला. परीक्षेत सगळ्यांना पैकीच्या पैकी आणि मधल्या सुट्टीत पुन्हा 'रस्तावर'.

उत्तर मला लोकलमध्ये सापडलं. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, पण त्या वाटेवर नाहूरला थांबायला तिला 2006 साल उजाडलं. तोवर भांडुपला नाहीतर मुलुंडला उतरून चालायचं. त्यामुळे आमच्या मुलांना या स्टेशनचं भारी प्रेम आहे. 'पुढील स्टेशन नाहूर' ही घोषणा केरळच्या मुलापासून कच्छच्या मुलीपर्यंत सगळी हुबेहूब म्हणून दाखवतात. फलाट, अंतर, लक्ष द्या, हे शब्द त्यांना कोणी शिकवलेले नाहीत.

एके दिवशी मी फळ्यावर उभी रेघ ओढली आणि शिवाजी महाराज टर्मिनसपासून ठाण्यापर्यंत धीम्या गाडीची सगळी स्टेशनं मुलांकडून भरून घेतली. मग एकाने प्रवासी व्हायचं आणि विचारायचं, 'ही गाडी अमुक ठिकाणी जाते का?' दादरला, शीवला, घाटकोपरला, भांडुपला, नाहूरला, मुलुंडला. गाडी धडधडत गेली. अडली चार ठिकाणी: भायखळा, माटुंगा, कुर्ला आणि ठाणे. भायखळ्याला, माटुंग्याला, कुर्ल्याला, ठाण्याला. मी नियम सांगितला नाही. शेवटच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, 'मिस, जिसके एंड में आ है वो टेढ़ा होता है.' वाकडा होतो! दामल्यांनाही हरकत नसती. लगेच दुसऱ्याने ठाण्याच्या एकाराचं काय विचारलं, तिसऱ्याने गाडी पुढे नेली, कळवा, मुंब्रा, दिवा. एकामागून एक तीन. कळव्याला, मुंब्र्याला, दिव्याला. वर्ग नुसता हसत होता. मग 'मिस, कॅनडा?' असा प्रश्न आला. विचारणारीचा मामा तिथे असतो. कॅनडाला. परदेशी पाहुणा वाकत नाही म्हटलं. 'आणि अमेरिका?' अमेरिकेला. ती वाकते, पण वेगळी, शाळेसारखी. तास संपला तरी कोणी वही मिटली नव्हती.

त्याच रेघेवर 'ळ' सापडला. भायखळा, चिंचपोकळी, परळ, विक्रोळी. मुलं स्टेशनचे फलक रोमन अक्षरांतून वाचतात आणि रोमन लिपीत ळ नसतो, म्हणून 'विक्रोली', 'परेल'. गंमत अशी की तमिळ, मल्याळी आणि गुजराती घरातल्या मुलांना ळ जन्मतः येतो, त्यांच्या भाषेत तो आहे. त्यांना फक्त परवानगी हवी असते. 'ल' म्हणतात ती हिंदी घरातली मुलं, आणि, सांगायला जड जातं, इंग्रजी माध्यमातली आपली मराठी मुलं. त्या दिवसापासून माझ्या वर्गात ळ चे मास्तर एक मल्याळी मुलगा आहेत.

आता एक कबुली. शिक्षण हक्क कायद्याच्या पंचवीस टक्क्यांतून आलेला एक मुलगा पाचवीत होता. घरी मालवणी. तो मला मिस म्हणत नसे, बाई म्हणत असे. बाकीच्या तासांना गप्प, पण माझ्या तासाला सगळ्यांच्या आधी हात वर. 'सुट्टीतला एक दिवस' यावर त्याने पानभर लिहिलं आणि मी त्यात तीन शब्दांना लाल गोल केले: गावाक, शाळेक, ठाण्याक. समासात 'बोली नको' असं लिहिलं. दहापैकी चार. पुढच्या तासापासून त्याचा हात वर येणं थांबलं.

वह्या परत द्यायच्या आधी त्याची वही एका हुशार मुलीच्या वहीवर पडलेली होती, तेव्हाच दिसायला हवं होतं. दिसलं महिनाभराने, गुणांची यादी करताना. तिने लिहिलं होतं 'शाळाला', 'ठाणेला'. अक्षर मोत्यासारखं. मी तिला सात दिले होते. पण 'ठाण्याक' मध्ये ठाणे नीट वाकलंय. 'शाळेक' मध्ये शाळा नीट वाकलीय. जे शिकवायला मी फळ्यावर गाड्या पळवत होते ते त्या पोराला घरूनच येत होतं, त्याचा प्रत्यय तेवढा कोकणातला होता. आणि मी त्यालाच लाल केलं.

गुण बदलले. वर्गात फळ्यावर मांडलं: ठाण्या अधिक ला, ठाण्या अधिक क. गाडी तीच, डबा वेगळा. सगळ्यांनी माना डोलावल्या. तो नंतर पूर्वीसारखा बोलू लागला, असं काही झालं नाही. वर्ष संपेपर्यंत त्याचा हात एकदोनदाच वर आला. चार गुणांचे आठ करता येतात, पण लाल शाई खोडता येत नाही. तेव्हापासून मी मराठीच्या वह्या पेन्सिलीने तपासते. मुख्याध्यापिकांनी कारण विचारलं तेव्हा शाई संपली म्हणून सांगितलं.

माझ्याकडे मुलं आठवड्यातून चार तास असतात. उरलेला आठवडा ती तुमच्याकडे असतात. भाजीवाल्याकडे, रिक्षावाल्याकडे, लिफ्टमध्ये, लोकलमध्ये. आणि तिथली तक्रार मला प्रत्येक वर्गात ऐकू येते, 'मिस, हम मराठी में पूछते हैं, वो हिंदी में जवाब देते हैं.' अडखळत बोलणारं पोर दिसलं की आपण दयेने हिंदीत शिरतो. मीसुद्धा शिरले आहे, मुलुंडच्या बाजारात, माझ्याच वर्गातल्या मुलाशी. तो म्हणाला, 'मिस, तुम्ही पण?'

तर एवढंच करा. नाहूरच्या फलाटावर एखाद्या पोराने 'ही गाडी ठाणेला जाते काय' असं विचारलं तर हिंदीत वळू नका. 'ठाणेला नाही रे, ठाण्याला' असंही म्हणू नका, ते माझं काम आहे आणि मला ते नीट जमलेलं नाही. फक्त उत्तर द्या: 'हो, ठाण्याला जाते. चढ लवकर.'