मोटारीचा भाव

मार्च २०१३. जालन्यात तेव्हा टँकरच्या वेळेवर घराघरातली कामं ठरत होती. महिनाभर आधी परळीचं औष्णिक वीज केंद्र पाणी नाही म्हणून बंद पडलं होतं. दुकानात बसून आम्ही सगळे दुष्काळावर बोलायचो, आणि त्याच दुकानातून मी अशा मोटारी विकत होतो, ज्या गरजेपेक्षा जास्त वीज खात होत्या. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, हे त्या वेळी माझ्या ध्यानातच आलं नाही.

माझा धंदा मोटार, बेअरिंग, बेल्ट, पुली, गिअरबॉक्सचा. जालना सळईचं गाव. एमआयडीसीतल्या भट्ट्या आणि रोलिंग मिल, शिवाय बियाण्यांचे प्रक्रिया कारखाने आणि जिनिंग, हे माझं गिऱ्हाईक. एका मिलला कूलिंग टॉवरच्या पंपांसाठी आणि पंख्यांसाठी दहा हॉर्सपॉवरच्या बारा मोटारी हव्या होत्या. तिथला इंजिनिअर परतूरकडचा, नोकरीला लागून दोनच वर्षं झालेली. त्यानं आयई-थ्री, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या वरच्या कार्यक्षमता-वर्गातल्या मोटारींचं कोटेशन मागितलं. मला मोटारीमागे सात हजार जास्त पडणार होते, माल यायला तीन आठवडे लागणार होते, आणि गोदामात खालच्या, आयई-वन वर्गातल्या पंधरा मोटारी पडून होत्या.

मी इंजिनिअरशी बोललोच नाही, सरळ शेठकडे गेलो. म्हणालो, "शेठ, टक्का-दोन टक्क्यांचा फरक आहे, तोही कागदावरचा. माल आज संध्याकाळी टाकतो, पैसे दिवाळीला द्या." शेठनी मान डोलावली. बाहेर आलो तर तो मुलगा दारातच उभा. "काका, तीन आठवडे थांबलो असतो की आपण," एवढंच म्हणाला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून पुढे निघालो. चूक घडली ती या क्षणी. मला माहीत नव्हतं असं नाही; कॅटलॉग माझ्याच टेबलावर होता.

त्यातले आकडे असे. दहा हॉर्सपॉवरची, म्हणजे साडेसात किलोवॅटची, चार पोलची मोटार आयई-वन असेल तर कार्यक्षमता ८६ टक्के, आयई-थ्री असेल तर ९०.४. कूलिंगचा पंप वर्षाला सात हजार तास सहज चालतो. पूर्ण लोड धरला तर एका मोटारीमागे वर्षाला जवळजवळ तीन हजार युनिटचा फरक पडतो. सात रुपये दरानं वीस हजारांच्या वर. जास्तीचे सात हजार चार-पाच महिन्यांत सुटले असते. त्याहून मोठी गोष्ट मला फार उशिरा उमगली: बावीस हजारांची मोटार अखंड चालली तर स्वतःच्या किमतीएवढी वीज पंधरा-सोळा दिवसांत खाते. आम्ही भाव करतो तो त्या बावीस हजारांचा.

नंतरची सहा वर्षं मी आणखी एक गोष्ट करत राहिलो. मोटार जळाली की ती वायंडरकडे पाठवायची आणि रिवाइंडिंगमागे माझं कमिशन घ्यायचं. एकदा स्वतः गेलो होतो. त्यानं जुनं वायंडिंग सुटावं म्हणून स्टेटर थेट जाळावर ठेवला होता. वार्निशचा धूर डोळ्यात जात होता, आणि आतल्या पत्र्यांवर निळसर झाक चढत होती. इतकं तापलं की पत्र्यांमधलं इन्सुलेशन जातं, आणि मोटार पुढे जन्मभर जास्त तापते, जास्त वीज खाते. वायंडरनं मन लावून काम केलं, तांबंही चांगलं वापरलं. मोटार फिरली, मी बिल केलं. काही मोटारी तर चार-चार वेळा त्या जाळावरून गेल्या.

२०१९ मध्ये त्या मिलनं बाहेरून ऊर्जा ऑडिट करून घेतलं. भट्टीबद्दल सगळ्यांना माहीतच होतं, टनामागे पाचशे-सहाशे युनिटच्या वर जातात. पण ऑडिटवाल्यांनी क्लॅम्प मीटर पंपांनाही लावला. अहवालात माझ्या बारा मोटारींचं वेगळं पान होतं. परतूरचा तो मुलगा तोवर मेंटेनन्सचा प्रमुख झाला होता. त्यानं ते पान मला पाठवलं, खाली एक अक्षरही लिहिलं नाही. पुढच्या महिन्यापासून त्यांचा माल सरळ कंपनीच्या डीलरकडून यायला लागला.

मी हिशोब मांडला. सहा वर्षांत दोन लाखांवर युनिट. आपल्याकडे वीज बहुतेक कोळशाची, युनिटमागे साधारण सातशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. म्हणजे दीडशे टनांच्या आसपास. माझा नफा वाचला होता पडून असलेल्या पंधरांतल्या बारा मोटारींपुरता. सरकारनं २०१८ पासून आयई-टूच्या खालच्या मोटारींना बंदी घातली तेव्हा मी आपोआप बदललो, पण त्याला सुधारणं म्हणता येत नाही.

व्यापाऱ्याच्या हातात काय असतं, हे मला त्या पानानं कळलं. मिलमध्ये मोटार जळते रात्री दोनला. त्या वेळी कोणी कार्यक्षमता विचारत नाही, फोन येतो, "आहे का?" जी गोदामात असेल ती बसते आणि पुढची दहा-पंधरा वर्षं फिरते. मिल किती वीज जाळणार हे त्या रात्री माझ्या फळीवर ठरतं. म्हणून आता पाच मापांच्या आयई-थ्री मोटारी पैसे अडकले तरी तयार ठेवतो. एकदा रिवाइंड झालेली मोटार पुन्हा जळाली तर घेत नाही, बदलायला सांगतो. बिलावर किमतीखाली वर्षाचे अंदाजे युनिट लिहितो. काही जण ती ओळ वाचतात.

गाडीचंही तसंच. एक सील कमी पडलं की पिकअप संभाजीनगरला, साठ किलोमीटर जाणं आणि साठ येणं. लॉगबुक उघडून बसलो तेव्हा एका महिन्यात अडतीस फेऱ्या निघाल्या, निम्म्याहून जास्त फेऱ्यांत माल मांडीवर मावेल एवढा. आता आठवड्यातून दोन फेऱ्या, आणि एमआयडीसीतल्या डिलिव्हरीला बॅटरीवरचा तीनचाकी.

मिलचं खातं गेल्या वर्षी परत उघडलं, निम्मंच. त्या बारांतल्या चार मोटारी अजून कूलिंग टॉवरवर फिरत आहेत. जळाल्याशिवाय काढायच्या नाहीत असं पर्चेसवाल्यांचं म्हणणं. त्या मापाच्या चार आयई-थ्री मी फळीवर बाजूला ठेवल्या आहेत आणि वर खडूनं मिलचं नाव लिहिलंय.