काचपेटीतील पाहुणे का पळतात?

घरचा पोपट पिंजऱ्यातून उडाला, तर सारी आळी त्याच्या शोधास निघते. काचपेटीतील झिंगा रात्री बाहेर पडला, तर त्याची पहिली वार्ता सकाळी केरसुणीस लागते. इतका तो जीव लहान आणि मुका आहे. आजकाल आपल्या परभणीतही कित्येक घरांत माशांच्या पेट्या दिसू लागल्या असून त्यांची निगा बहुधा मुलांकडेच असते. तेव्हा या पलायनाविषयी चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

दोन वर्षांपूर्वी आमच्या वर्गात अशीच एक पेटी होती. तीत थोडे मासे व बाजारातून आणलेले लहान तांबडे झिंगे होते. एका सोमवारी सकाळी तीन झिंगे बाकाखाली वाळून पडलेले आढळले. मुलांमध्ये लगेच खल सुरू झाला. कोणी म्हणाला, वर पाटी झाका. कोणी म्हणाला, पाटीवर वीट ठेवा. सहावीतील एका मुलीने मात्र विचारले, "सर, इतके दिवस ते पळाले नाहीत, मग कालच का पळाले?" हा प्रश्न आम्हांस फार मोलाचा वाटला. चौकशी करता शिपायाकडून कळले की, रविवारी रात्री वीज बराच वेळ गेली होती. अर्थात हवेचा पंपही तितका वेळ बंद होता.

आता याचा उलगडा पाहा. झिंगा कल्ल्यांनी श्वास घेतो, व पाण्यात विरलेला प्राणवायू हाच त्याचा आधार असतो. पाणी जसे तापते, तसा त्यातील प्राणवायू कमी होतो. २० अंश सेल्सियस उष्णतेच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो. ३० अंशांस तो साडेसात मिलिग्रॅमवर येतो. आपल्याकडे वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो, हे सांगावयास नकोच. शिवाय रात्री पेटीतील वनस्पतीही प्राणवायू घेऊ लागतात. अशा वेळी पंप थांबला म्हणजे झिंग्याचा जीव गुदमरतो आणि तो काठाकडे धाव घेतो. कल्ले ओले असेतोपर्यंत तो बाहेर तग धरतो. ते सुकले की त्याचे आयुष्य संपते.

प्राणवायूची उणीव हे एक कारण झाले. नळाच्या पाण्यात जंतुनाशक क्लोरीन असते. ते पाणी निदान एक दिवस उघड्या बादलीत न ठेवता तसेच ओतले, तर झिंगे कासावीस होतात. डास पळविणाऱ्या अगरबत्तीचा धूर हवेच्या पंपावाटे पाण्यात शिरतो. त्यातील औषध माणसास फारसे बाधत नसले, तरी झिंग्यास प्राणघातक ठरते. माशांच्या कित्येक औषधांत तांबे असते, तेही त्यास विषच. कात टाकल्यावर झिंग्याचे अंग काही काळ मऊ असते. तेव्हा लपावयास दगडाची कपार वा शेवाळ नसेल, तर इतरांच्या त्रासाने तो सैरावैरा होतो. घाबरला म्हणजे शेपटीचा झटका देऊन मागच्या मागे उसळी मारण्याची त्याची रीतच आहे, व पेटी काठोकाठ भरलेली असेल तर ती उसळी थेट जमिनीवर संपते.

प्रवाहाचा जोरही विसरता कामा नये. थायलंडच्या उबोन राचाथानी प्रांतात दरवर्षी पावसाळ्यात हजारो लहान झिंगे रात्री नदीबाहेर येतात आणि ओल्या खडकांवरून ओळीने चालत धावत्याच्या वर जातात. पाण्याचा लोट फार जोराचा झाला म्हणजे ते ही वाट धरतात, असे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. पेटीत मोठा पंप बसवून आपण नकळत तसाच लोट उत्पन्न करतो.

काही प्राण्यांचा तर स्वभावच भटका असतो. ओढ्यातील खेकड्यास पाण्याइतकीच कोरड्या जागेची गरज असते; ती न मिळाल्यास तो पंपाच्या नळीवरून शिडीप्रमाणे चढून जातो. मरळ व मांगूर हे मासे वरची हवाही घेतात आणि पावसाळी रात्री ओल्या जमिनीवरून सरपटत दुसरे डबके गाठतात. मरळीस पृष्ठावर येऊन हवा घेता आली नाही, तर ती पाण्यात असूनही गुदमरून मरते. म्हणून तिच्या पेटीत पाणी आणि झाकण यांमध्ये मोकळी जागा हवीच.

बंदोबस्त करावयाचा तो असा. पाणी काठापासून चार बोटे खाली ठेवावे. उन्हाळ्यात सबंध काचेचे झाकण पेटीतील ऊब कोंडून धरते. त्यापेक्षा लाकडी चौकटीवर ताणलेली बारीक नायलॉनची जाळी बरी. तार व नळी जेथून आत जातात, ती फट स्पंजाच्या तुकड्याने बुजवावी. चोरवाट बहुधा तेथेच असते. खेकडा असेल तर जाळीवर वजन ठेवावे. वीज जाते त्या दिवसांत पेटीत थोडेच प्राणी ठेवावेत आणि पंप बंद पडल्यास तांब्याने पाणी वरून हळूहळू ओतीत राहावे.

याहून मोठी एक फट अद्याप राहिली. पेटीचा कंटाळा आला किंवा मासा फार वाढला, म्हणजे पुष्कळजण त्यास "जीवदान" म्हणून नदीत सोडतात. काच पुसण्यासाठी पाळला जाणारा सकर मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतील. तो आज आंध्र प्रदेश व तेलंगणातील अनेक तलावांत आणि आपल्या उजनीच्या जलाशयातही आढळतो. त्याचे काटेरी अंग कोळ्यांची जाळी फाडते, आणि बाजारात त्यास गिऱ्हाईक नसते. १९५२ साली मुद्दाम भारतात आणलेला तिलापिया पुढे कोठे कोठे पसरला, हेही सर्वश्रुत आहे. आपल्या जिल्ह्यात पूर्णा गोदावरीस मिळते आणि गोदावरी थेट बंगालच्या उपसागरापर्यंत जाते. गंगाखेडच्या घाटावर सोडलेला एक मासा केवळ गंगाखेडचा राहत नाही. नको झालेला प्राणी दुकानदारास परत द्यावा, किंवा ज्यास त्याची निगा ठाऊक आहे अशा घरी पोहोचवावा.

विद्यार्थिमित्रहो, जाळी अवश्य बसवा. पण रोज संध्याकाळी दोन मिनिटे पेटीसमोर उभे राहून पाहा. सगळे झिंगे वरच्या काठाशी गोळा झाले असतील, तर गाठ आवळण्यापूर्वी पाण्याची विचारपूस करा. आणि पालकांस आमची एवढीच विनंती की, पेटी विकत घेण्याच्या दिवशीच मुलास विचारावे, "पुढे हे प्राणी नकोसे झाले, तर कोणाच्या हाती देशील?" याचे उत्तर मिळाल्यावर मगच पैसे मोजावेत.