अंगठ्यापुढे एक बोट

या वयात माणसाने फार तर गुडघ्याच्या तेलाविषयी लिहावे. पण गेले पंधरा दिवस आमच्या घरात बूट हा एकच विषय चालू आहे, त्यामुळे माझाही नाइलाज आहे.

नातीने सिंहगड-राजगड-तोरणा ही ५३ किलोमीटरची शर्यत धावायचे ठरवले आहे. डांबरी रस्त्यावर नव्हे. चढ, धार, कातळ आणि सुटा घसारा. तिच्या आईने "पायाचं काही झालं तर?" एवढेच विचारले, आणि मग दोन दिवस त्यावर घरात कोणी बोलले नाही. मला मात्र तिने बूट घ्यायला बरोबर नेले. "आजोबा, तुम्ही तिकडे राहिलाय. तुम्हाला तिथले दगड माहीत आहेत."

दगड माहीत आहेत हे खरे. तोरण्याच्या पायथ्याच्या बाजूला एका शाळेत मी १९७५ ते १९८१ अशी सहा वर्षे काढली. पावसाळ्यात शेवाळलेला कातळ, आणि पाऊस संपला की वाळलेले गवत व त्याखाली मुरूम. दुसरा प्रकार जास्त वाईट. कातळ निदान दिसतो तरी. गवताखालचा मुरूम पाय सरकल्यावरच कळतो. त्या काळी गड चढायला येणारी पुण्या-मुंबईची पोरे हंटर शूज घालून येत. पुढे अ‍ॅक्शनच्या ट्रेकिंग बुटांचे नाव झाले. स्वस्त आणि कातळाला धरून राहणारे. मी आपले तेच सुचवले. नात हसली नाही, याचे बरे वाटले. म्हणाली, "चालायला उत्तमच आहेत ते. पण दहा-बारा तास पळायचं म्हणजे जड होतात."

दुकानातला मुलगा हुशार होता, पण त्याला विकायची घाई होती. आधी त्याने वॉटरप्रूफ जोड काढला. डिसेंबरात गडावर पाणी कुठून येणार? आत घाम तेवढा साठायचा. आणि ओढ्यात पाय बुडून वरून पाणी शिरलेच, तर असल्या बुटातून ते लवकर बाहेरही पडत नाही. मग खूप जाड, गुबगुबीत तळव्याचा जोड आला. घालून उभे राहिले की गादीवर उभे राहिल्यासारखे वाटते म्हणे. पण जमिनीपासून पाय जितका उंच, तितका तो वेड्यावाकड्या दगडावर मुरगळायची भीती जास्त. तळाच्या दातांचेही तसेच. खोल दात मातीत आणि मुरमात रुततात, पण उघड्या कातळावर नुसती टोके टेकतात. शेवटी मध्यम दातांचा, मऊ रबराचा एक जोड बाजूला काढला. हे रबर लवकर झिजते, पण धरते चांगले.

"एकदम फिट आहे मॅडम," तो मुलगा म्हणाला.

आणि मला १९७८ आठवले.

सातवीत धनगरवाड्यावरचा एक मुलगा होता. रोज डोंगर उतरून अनवाणी शाळेत यायचा आणि पळायला लागला की बाकीची मुले उभी असल्यासारखी वाटत. तालुक्याच्या स्पर्धेला त्याचे नाव दिले. अबेबे बिकिला १९६० साली रोमला अनवाणी मॅरेथॉन जिंकला, हे मीच वर्गात रंगवून सांगत असे. तरी पण तालुक्याला पोर अनवाणी कसे न्यायचे? शाळेचे कसे दिसेल? मी पदरच्या पैशांनी पांढरे कॅनव्हासचे बूट आणले, तेही अंदाजाने. त्याचा पाय पुढून पसरट, बोटे फाकलेली. स्पर्धेच्या सकाळी बूट घातले. तिसऱ्या फेरीला तो लंगडू लागला. शेवटून पहिला आला. बूट काढले तर टाचेचे फोड फुटून आतले कापड लाल झालेले. मी काही विचारायच्या आत तोच म्हणाला, "गुरुजी, बूट चांगले हायेत."

त्यानंतर त्याने शर्यतीला नाव दिले नाही. सातवीनंतर शाळेतही आला नाही. त्याला कारणे इतर असतील. पण ते बूट मी आणले होते.

असो.

आम्ही मुद्दाम संध्याकाळी गेलो होतो, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. दहा तास पळून तर फुगतोच. धावताना घालायचे मोजेही ती घेऊन आली होती. मी खाली वाकलो (उठताना दुकानातल्या मुलाने हात दिला) आणि बुटाच्या टोकाला अंगठा दाबला. बोटे पुढे टेकलेली. उतारावर हीच बोटे आपटत राहतात आणि नखे काळी पडून गळतात. "एक नंबर मोठा दे," मी म्हटले. मोठ्या जोडात अंगठ्यापुढे माझे एक बोट मावले. टाच उचलत होती, तर नातीने शेवटच्या भोकातून नाडी आडवी अडकवून ती आवळली.

"टोचतंय कुठे? खरं सांग. बूट चांगले आहेत, असं मला सांगू नकोस."

"असं का म्हणेन मी?" ती माझ्याकडे बघत राहिली. मग दुकानात चार चकरा मारून म्हणाली, "डाव्या करंगळीला थोडं."

तो जोड परत ठेवला. पुढून रुंद असा दुसरा निघाला. बिल नऊ हजारांच्या पुढे गेले, म्हणजे माझ्या त्या वेळच्या वर्षभराच्या पगाराहून जास्त. ते मी दिले. तिने देऊ दिले.

रविवारी ती सिंहगडावर जाऊन बघणार आहे. मी पायथ्याशी थांबणार आहे. उतरलीस की मोजे काढून आधी बोटे दाखव, असे सांगून ठेवले आहे.