आधी सांगून झोपणाऱ्या शब्दास

दुपार, पावणेतीन

नॅप यास,

मायना काय लिहावा, इथेच पहिली अडचण. चिरंजीव म्हणावं, तर तुझं वय हजार वर्षांच्या वर. तीर्थरूप म्हणावं, तर आमच्या घरात तू शिरलास परवा. शिवाय 'शिरलास' म्हणू की 'शिरलीस'? माझी लेक म्हणते, 'छान नॅप झाली.' जावई म्हणतात, 'मस्त नॅप झाला.' दोघांचा संसार सुखाचा आहे, पण तुझ्या व्याकरणावर एकमत नाही. 'तो पेन' की 'ते पेन' हे भांडण अजून मिटलेलं नाही, त्यात तुझी भर. लेकीच्या मनात तुझ्यामागे झोप आणि डुलकी उभ्या असतात, म्हणून तिच्यालेखी तू बाई. जावयांच्या मनात कोण उभं असतं, ते तेच जाणोत. मी तूर्त 'शब्द' म्हणून तुला पुल्लिंगी धरते आणि पुढे जाते.

पत्राचं निमित्त सांगते. मागच्या रविवारी, सुट्टीला आलेल्या लेकीनं घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, 'वीस मिनिटं पॉवर नॅप घेतेय. फोन करू नका.' होती आतल्याच खोलीत. मी तो निरोप आईला वाचून दाखवला. आईचं वय ८५, कान शाबूत. ती घाबरून म्हणाली, "काय घेतेय? डॉक्टरांना विचारलंय का?"

"अगं, झोपतेय ती."

"मग झोपतेय म्हणावं की. त्यात घ्यायचं काय?"

हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात आहे. मी आयुष्यभर मुद्रितं तपासली. कुठलाही शब्द समोर आला की आधी त्याचं स्पेलिंग बघायची खोड अजून जात नाही, म्हणून तुझी चौकशीही तिथूनच सुरू केली.

एन, ए, पी. तीन अक्षरांत माणूस चुकणार कुठे? पण तू क्रियापद झालास की सापळा लागतो. 'नॅपिंग' लिहिताना पी दोनदा. एकच ठेवला तर इंग्रजी वाचणारा 'नेपिंग' वाचतो. तुझ्या शेवटी ई चिकटला तर तू 'नेप' होतोस, म्हणजे मानेची मागची बाजू. खुर्चीत बसल्या बसल्या जो झोपतो, त्याची उठल्यावरची पहिली तक्रार तिथलीच असते, त्यामुळे ही चूक अगदीच अस्थानी म्हणता येत नाही. पुढे मुका के लावला तर उच्चार तोच, पण अर्थ गारगोटी ठोकून तिचं हत्यार घडवणं. इंग्रजी आपल्या स्वराचं गुपित असं पुढच्यामागच्या अक्षरांत लपवते. मराठीनं ते डोक्यावर उघड मांडलं. आमच्या आजोबांच्या पिढीत 'ब्यांक' आणि 'ब्याग' लिहीत, त्यांच्या हाती लागतास तर 'न्याप' झाला असतास. पुढे अर्धचंद्र रुळला, आणि २००९च्या सरकारी निर्णयानं ॲ आणि ऑ वर्णमालेत रीतसर बसले. डोक्यावर चंद्रकोर मिरवत भरदुपारी झोपणारा शब्द मला तरी दुसरा ठाऊक नाही.

नावावरून नातं जोडू नये, हे तुझ्या बाबतीत फार खरं. नातीला नॅपी बांधून नॅपसाठी निजवतात, तेव्हा दोन्ही शब्द एकाच घरचे वाटतात. प्रत्यक्षात नॅपी आली नॅपकिनमधून, आणि नॅपकिन जुन्या फ्रेंचमधल्या, टेबलावर अंथरायच्या कापडाच्या नावातून. मखमलीवर हात फिरवला की जी लव एका अंगाला झुकते, तिचं इंग्रजी नाव आणि स्पेलिंग हुबेहूब तुझं. पण ती डच-जर्मन मुलखाकडून आलेली. 'किडनॅप'चं शेपूट झडप घालून उचलण्याच्या अर्थाचं. मूल झोपवण्याशी त्याचा काही संबंध नाही, जरी मूल झोपलं की सगळं घर चोरासारखं चवड्यांवर चालू लागतं.

तुझं स्वतःचं कूळ सरळ आहे. जुन्या इंग्रजीत 'ह्नप्पियन' म्हणजे हलकं झोपणं. पुढचा ह काळाच्या ओघात गळाला, अर्थ तसाच राहिला. चौदाव्या शतकात, वायक्लिफच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या बायबलमध्ये, तुला थेट स्तोत्रात जागा होती. इस्राएलाचा राखणदार झोपत नाही आणि पेंगतही नाही, असं सांगताना पेंगण्यासाठी तुझंच क्रियापद वापरलं होतं. १६११च्या राजमान्य भाषांतरात त्या जागी दुसरा, भारदस्त शब्द येऊन बसला. रस्त्यावर मात्र तू आधीपासूनच होतास. त्याच चौदाव्या शतकातल्या चॉसरच्या कँटरबरी कथांमध्ये एक दारू प्यालेला स्वयंपाकी चालत्या घोड्यावर पेंगतो. याला एखादा चोर सहज लुटून बांधून ठेवील, असं खाणावळवाला ओरडतो. स्वयंपाकी शेवटी घोड्यावरून पडतोच, आणि त्याला उचलून परत वर बसवताना बाकीच्यांची दमछाक होते. एसटीच्या खिडकीवर डोकं आपटून दचकणाऱ्या आमच्या कुठल्याही प्रवाशाला तो परका वाटणार नाही.

म्हणजे तुझ्या गावातही तुला फारशी पत नव्हती. अजूनही इंग्रजीत कुणी 'नॅपिंग' करताना सापडला, तर तो गाफील सापडला. तुझं नशीब पालटलं ते 'पॉवर' या विशेषणानं. या जोडशब्दाचं श्रेय कॉर्नेल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जेम्स मास यांना दिलं जातं. मग नासाचा १९९४चा अहवाल आला. पॅसिफिक ओलांडणाऱ्या वैमानिकांना आळीपाळीनं, बसल्या आसनातच, ४० मिनिटांच्या विश्रांतीची मुभा दिली होती. त्यांना सरासरी २६ मिनिटं झोप लागली, आणि ज्यांना ही मुभा नव्हती त्यांच्यापेक्षा ते विमान उतरवायच्या वेळी जास्त सावध निघाले. स्वयंपाक्याला घोड्यावरून पाडणारा तू, सहाशे वर्षांनी विमानं उतरवायला मदत करू लागलास. कुणाचं नशीब कधी उघडेल, सांगता येत नाही.

लेकीच्या वीस मिनिटांमागेही हिशेब आहे. तू फार लांबलास की माणूस गाढ झोपेत उतरतो, आणि तिथून उठवलं की बराच वेळ बधिर राहतो. म्हणून गजर लावायचा. दुपारची मरगळ भातामुळे येते, हा आमच्या घरचा समजही तिनंच मोडला. जेवण टाळलं तरी ती येते. शरीराच्या रोजच्या घड्याळातच तिथे एक उतार आहे. बिचारा भात इतकी वर्षं उगाच बोल खात होता.

हा उतार जुन्यांनाही ठाऊक होता. दिवसाचे प्रहर चार, त्यातले दोन सरले की आमची दुपार. रोमन लोक सूर्योदयापासून तास मोजत, त्यातल्या सहाव्या तासाच्या नावावरून स्पेनचा 'सिएस्टा' आला. हिशेब करून बघ: दोन प्रहर आणि सहा तास एकाच जागी भरतात. दोन्हीकडचा माणूस बरोब्बर तिथेच आडवा होतो.

आमच्याकडे यासाठी शब्द किती! वामकुक्षी म्हणजे डावी कूस. त्यात फक्त कुठल्या अंगावर पडायचं तेवढं सांगितलंय, झोपेचा उल्लेखच नाही, इतका तो शब्द सभ्य. आयुर्वेदानं उन्हाळा सोडून दिवसा झोपायला नाही म्हटलं. लहान, वृद्ध, आजारी यांना तेवढी सूट. पण वाग्भटाच्या अष्टांगहृदयात एक फार सुरेख शब्द आहे: आसीनप्रचलायित. बसल्या जागी डुलणं. रात्रीच्या जागरणानं रूक्षता येते, दिवसा आडवं होऊन झोपल्यानं कफ वाढतो, हे बसून डुलणं मात्र दोन्ही दोषांतून सुटतं, असं त्यानं लिहून ठेवलंय. आमची डुलकी याच जातीची. डोळे मिटण्यावरून नाही, मान डुलण्यावरून तिचं नाव पडलं.

आता आईच्या प्रश्नाकडे येते. 'मला डुलकी लागली' या वाक्यात काम करणारी डुलकी आहे, मी नुसती तिच्या तावडीत सापडलेली. ठेच लागते, उचकी लागते, तशी डुलकी लागते. 'डोळा लागला' म्हटलं तर माझा स्वतःचा डोळासुद्धा माझ्या हुकमात नाही. जे लागलं त्याचा दोष माझ्याकडे कसा येणार? कुणी डुलकी 'काढतात', पण तेही कामातून वेळ चोरून काढल्यासारखं. तू मात्र आलास तोच 'घेणे' हे क्रियापद बोटाशी धरून. विश्रांती घेतात, रजा घेतात, तसा तुला घेतात. रजेसारखाच तुझा अर्ज आधी करावा लागतो.

डुलकीचं उलट. आमच्या घराण्यात आजवर कुणी ती कबूल केलेली नाही. वडील वर्तमानपत्र तोंडावर घेऊन घोरायचे आणि ते अलगद काढलं की म्हणायचे, "असू दे, वाचतोय." कीर्तनाला गेलेल्या आत्याबाई डोळे मिटून ऐकत होत्या. मीही त्यातलीच. नोकरीत असताना, एका मे महिन्यात, पानभर मुद्रित तपासून मी खाली सही केली आणि दुसऱ्या दिवशी शीर्षकातच मुद्राराक्षस दात विचकून उभा. वीज गेली होती, असं मी संपादकांना सांगितलं. आज तुझ्यापाशी कबूल करते, वीज होती. पंखाही चालू होता.

डुलकी नंतर नाकारतात, तुला आधी जाहीर करतात. तुमच्यातला फरक मिनिटांचा नाही, एवढाच आहे.

आणि एवढाच असला तरी तो थोडा नाही. आईला मी जन्मात कधी वामकुक्षी घेताना पाहिलं नाही. तो शब्द वडिलांचा, मामांचा, घरातल्या पुरुषांचा. ती सगळ्यांची ताटं काढून, ओटा आवरून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पदर उशाला घ्यायची आणि म्हणायची, "जरा पाठ टेकते." पाठ टेकली की कडी वाजायची. कधी पोस्टमन, कधी शेजारीण विरजण मागायला, बहुतेक वेळा मी. 'आई, माझी वही कुठाय?' ती उठायची. वडील झोपले असताना आम्ही रेडिओसुद्धा लावत नसू, कारण ती वामकुक्षी होती. आईच्या झोपेला नाव नव्हतं. जिला नावच नाही, ती मोडताना आपण काही मोडतोय असं कुणाच्या मनातही आलं नाही. माझ्याही नाही, आणि मी तर शब्दांवर पोट भरायची विद्या शिकत होते.

म्हणून त्या रविवारी लेकीचा निरोप वाचून मी आधी हसले, मग गप्प झाले. त्या वीस मिनिटांत कुणी तिचं दार वाजवलं नाही. नात रडली तेव्हा जावयांनी तिला उचलून खाली नेलं. तीन अक्षरांच्या पाहुण्या शब्दानं ते करून दाखवलं, जे आमच्या 'जरा'ला आणि 'पाठ टेकण्या'ला उभ्या हयातीत जमलं नाही.

तेव्हा तुला घराबाहेर काढा, असं मी म्हणणार नाही. राहा. मात्र डुलकीच्या वाट्याला जाऊ नकोस. गजर लावून मिळणारा तू आणि गजर नसताना गाठणारी ती, आम्हाला दोन्ही हवेत. सगळ्याच झोपा आधी कळवून येऊ लागल्या, तर 'वाचतोय' म्हणायची सोय राहणार नाही.

हे लिहीत असताना आई समोरच्या खुर्चीत आहे. मांडीवर निवडायला घेतलेली मेथी, हातात एक काडी, आणि मान हळूहळू उजवीकडे. वाग्भटानं वर्णन केलेलं अगदी तंतोतंत. मी हळूच विचारलं, "आई, नॅप घेतेस का?"

"छे! जागी आहे मी." काडी मोडली, पानं एका बाजूला ठेवली. मग थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, "किती मिनिटं म्हणाली होती ती?"

"वीस."

मेथीचं ताट तिनं माझ्याकडे सरकवलं. "दार लावून घे मग."

लावलं आहे. कळावे.

तुझी,
एक निवृत्त मुद्रितशोधक
(पत्र तपासून पाहिलं आहे. वीज आहे.)