इगतपुरीची गाडी मागून बघ

प्रिय मुक्ता,

तुझे इगतपुरीचे फोटो सावकाश पाहिले. इंजिनाचा दर्शनी भाग, त्यावरचा नंबर, पहिल्या डब्याची कड, सगळं स्वच्छ आलंय. तरी मनात आलं की हेच फोटो भुसावळचे म्हणून दाखवले तर कुणाला शंका येणार नाही. प्रवासी गाडीचा फोटो काढताना ती गाडी त्या गावात का थांबलीय हे चौकटीत आलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. इगतपुरीत तर ते कारण डोळ्यांना दिसतं. 1865 साली जीआयपी रेल्वेने थळ घाटातून लोहमार्ग वर आणला तेव्हा 37 फुटांना एक फूट असा चढ स्वीकारावा लागला. तो आजही तेवढाच आहे. म्हणून कसाऱ्याला गाडीच्या मागे बँकर इंजिनं लागतात, गाडी ढकलत वर आणतात आणि इगतपुरीला सुटतात. ही घडामोड गाडीच्या शेपटाकडे, फलाटाच्या मुंबईकडच्या टोकाला होते आणि तू सगळा वेळ पुढच्या टोकाला उभी होतीस. दुपार कलल्यावर मागच्या बाजूला जा. उजेडही तिकडे चांगला असतो. लांब पल्ल्याची लेन्स काढून ठेव, म्हणजे बँकर, शेवटचा डबा, रुळांचं जाळं आणि मागचे डोंगर एकत्र मावतील.

यावर तू म्हणशील, जुन्या परिसरात विजेचे खांब आणि तारा येतात, चित्र बिघडतं. मला ते पटत नाही. या घाटात वीज 1930 च्या सुमारास आली, म्हणजे तारांनाही आता शतक होत आलं. शिवाय इगतपुरीचा पुढचा इतिहास त्या तारांमध्येच आहे. मुंबईकडून 1500 व्होल्टचा डीसी आणि भुसावळकडून 25 हजार व्होल्टचा एसी असे दोन विद्युतप्रवाह कित्येक वर्षं इथे भेटत आणि त्यामुळे गाड्यांची इंजिनं इथे बदलत. या शतकाच्या पहिल्या दशकात घाटातही एसी आला आणि ते कारण संपलं. तारा टाळून काढलेला फोटो जुना दिसेल, पण तो कुठल्याच काळाचा नसेल. वाफेच्या इंजिनाचा काळ तर त्यात येणार नाहीच, आणि आजचाही निसटेल.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: एवढं सगळं घेतलं की गाडी लहान होते, आणि रेल्वेवेड्या माणसाला इंजिनाचा वर्ग, रंग, बारीक फरक हवे असतात. ते फोटोही काढावेत, त्यांचा उपयोग आहे. पण इंजिनं देशभर फिरतात. तेच इंजिन उद्या दुसऱ्या स्थानकात तितकंच स्पष्ट मिळेल. बँकर सुटतानाचं दृश्य मात्र घाटमाथ्यावरच मिळतं आणि तेही किती वर्षं मिळेल याची खात्री देता येत नाही. 2019 मध्ये सुरू झालेल्या मुंबई–दिल्ली राजधानीला पुढे-मागे इंजिनं जोडली, ती बँकर टाळण्यासाठीच. 2023 पासून धावणारी शिर्डीची वंदे भारत बँकरशिवाय घाट चढते. प्रवाशांचा वेळ वाचतो, हे चांगलंच झालं. पण म्हणूनच पंचवटीसारख्या रोजच्या गाड्या आधी टिपायला हव्यात. खास सजवलेल्या गाडीचे फोटो खूप जण काढतात, नेहमीच्या गाडीकडे कुणाचं लक्ष जात नाही.

रुळांवर मात्र उतरू नकोस. तो गुन्हा आहे आणि घाटातून येणाऱ्या गाडीचा भरवसा धरता येत नाही. फलाट आणि पादचारी पूल पुरेसे आहेत. मोठा कॅमेरा आणि तिपाई लावायची असेल तर आधी परवानगी घे. आणि प्रत्येक फोटोसोबत तारीख, गाडीचं नाव आणि मागे किती बँकर होते, एवढं लिहून ठेव.

तुझा,
काका