खोक्याच्या आत काय असते?

मानकोलीच्या गोदामात मी बावीस वर्षे हमालीचे काम करतो. नाशिक महामार्गावरून गाडी येते, आम्ही खोकी उतरवतो, थप्पी लावतो. ज्या खोक्यावर काचेच्या पेल्याचे चित्र असते ते जपून ठेवायचे, बाण वर ठेवायचा. संगणकाची अशी किती खोकी या खांद्यावरून गेली असतील. पण आत काय असते ते कधी पाहिले नव्हते.

घरात संगणक आला तो जुनाच, हप्त्याने घेतलेला. मुलांना मी बजावले होते, "अभ्यास करा, पण मागच्या बाजूला हात लावलात तर याद राखा." मुलीचा डिप्लोमाचा प्रोजेक्ट द्यायला चार दिवस उरले आणि तो बंद पडला. पंखा फिरे, बीप बीप वाजे, पडदा मात्र काळा. दुकानदाराने न उघडताच सांगितले, "मदरबोर्ड गेला, साडेचार हजार लागतील." पगाराला दहा दिवस होते.

मुलगी म्हणाली, "बाबा, मी उघडते. तुम्ही शेजारी बसा."

मी बॅटरी धरून बसलो. तिने स्विच बंद करून प्लग काढला. मग संगणकाचे बटण थोडा वेळ दाबून धरले, आत उरलेली वीज जावी म्हणून. मागच्या वायरींचे मोबाईलवर फोटो काढले. स्क्रू वाटीत ठेवले. झाकण निघताच आधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावला. म्हणाली, "अंगातली स्थिर वीज आपल्याला जाणवतही नाही, पण चिप जाळू शकते."

मी एका पत्र्याच्या डबीकडे बोट केले. "तो पॉवर सप्लाय. तो कधीच उघडायचा नाही. प्लग काढला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते. जुन्या जाड मॉनिटरचेही तसेच."

आत महामार्गाची धूळ बसली होती. पंख्याचे पाते बोटाने धरून तिने ती कोरड्या ब्रशने झटकली. प्रोसेसर हलवला नाही. त्यावरचा पंखा काढला तर नवी थर्मल पेस्ट लावावी लागते. मग दोन्ही टोकांच्या खिट्या उघडून रॅमची पट्टी काढली, तिच्या सोनेरी कडा खोडरबराने हलक्या हाताने पुसल्या. खाच जुळवून पट्टी दाबली. 'टक' आवाज झाला. उलट्या क्रमाने सगळे बसवले, फोटो पाहून वायरी लावल्या. वाटीत एकही स्क्रू उरला नाही.

"बाबा, बटण तुम्ही दाबा."

माझा हात थरथरला. एक लहान बीप झाली आणि पडदा उजळला. प्रोजेक्ट वेळेवर गेला.

त्या रात्री मला झोप लागली नाही. वाटले, इतकी वर्षे मी मुलांना जपणे शिकवत होतो की माझीच भीती त्यांच्या हाती देत होतो? पैसे वाचले याचा आनंद आहेच. पण मुलीने मला न जुमानता नव्हे, तर शेजारी बसवून शिकवले, याचा अधिक.

आता घरातला नियम बदलला आहे. हात जरूर लावा. आधी प्लग काढा.